सोंग कोणाचं आणि कोणासमोर

ताईंना सप्रेम सलाम,

मी नाशिक रोडला राहते आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते. माझी मुलगी आठवीत आहे. तरुण संघानं यंदा 31 ऑक्टोबरला संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये हॅलोविनचा कार्यक्रम ठरवलाय. वेषभूषा, खेळ, खाणं. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी तोंडाला रक्त लावलेल्या नन होणार आहेत. काळे झगे शिवूनही झाले. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर एक ज्येष्ठ काका उभे राहिले आणि म्हणाले, ‘सैतानाचा सण देवाच्या घरात नको.’ पाळकसाहेबांनी पालकांना आणि तरुण संघाला बसून ठरवायला सांगितलंय. मुलगी विचारते, नाताळात सांताक्लॉज चालतो, मग हे का नाही? यजमान म्हणतात, साधा फॅन्सी ड्रेस आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मला दोघांचं पटतं आणि काकांचंही पटतं. ख्रिस्ती माणसांनी, तेही चर्चच्या आवारात, असे वेष करणं हा अपमान आहे का? जूनमध्ये तरुण संघातला एक मुलगा अपघातात गेला, त्यामुळे मंडळी आधीच हळवी झालेली आहे. त्याची आई हल्ली मागच्या बाकावर बसते. काय करू?

– एक आई

सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं लक्ष झग्यांकडे आणि काकांकडे होतं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींपाशी थांबले. त्या मागच्या बाकाकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण झगे शिवून तयार आहेत म्हणजे मुलीला ते आजच हवं असणार.

वेष करणं हा देवाचा अपमान नाही. भुताचा वेष केला म्हणूनही होत नाही. तरीही रक्ताळलेली नन मी माझ्या घरातून बाहेर पडू दिली नसती, आणि चर्चच्या हॉलमध्ये तर नाहीच नाही.

काकांपासून सुरुवात करते, कारण त्यांना ‘जुन्या वळणाचे’ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे आणि ते तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या मंडळींतल्या वयस्कर माणसांनी भगत, देवऋषी, करणी, अंगात येणं हे सगळं पुस्तकात वाचलेलं नसतं. कुणाच्या आजीला चेटकीण ठरवलेलं असतं, कुणाच्या घरात आजारी लेकराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेलेलं असतं. त्या भीतीतून सुटण्यासाठी त्यांच्या आधीच्या पिढीनं भाऊबंद सोडले, गाव सोडलं. त्या माणसाला भूत ही गंमत कशी वाटावी? काकांच्या आवाजात राग ऐकू आला असेल, पण त्याखाली ही आठवण असू शकते. मुलीला हे नक्की सांगा. काकांना वेळ असेल तर त्यांच्याच तोंडून तिला ऐकू द्या.

त्यांचा शास्त्राधार मात्र तपासून पाहायला हवा. बहुतेक जण अशा वेळी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 18वा अध्याय काढतात. तिथं मंत्रतंत्र करणाऱ्यांना, चेटूक करणाऱ्यांना आणि मेलेल्यांकडून सल्ला विचारणाऱ्यांना मनाई आहे. मेलेल्यांशी व्यवहार करून आपलं भविष्य काढून घेणं, यावर तो रोख आहे. पांढरी चादर पांघरून ‘भ्वॉ’ करणारं पोर त्यात बसत नाही. पण हॉलमध्ये प्लँचेटचा खेळ मांडायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर तो अध्याय अगदी सरळ लागू पडतो, आणि तिथं काकांच्या बाजूनं उभ्या राहा.

‘सैतानाचा सण’ हे मात्र मला मान्य नाही. हॅलोविन या नावातच आपली प्रार्थना आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘तुझे नाव पवित्र मानले जावो.’ इंग्रजी प्रार्थनेत तिथं ‘हॅलोड’ असा शब्द येतो. त्यातलाच हा ‘हॅलो’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पवित्र माणूस, संत. आणि ‘ईन’ म्हणजे आदली संध्याकाळ. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. नाताळची आदली रात्र असते तशीच. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावानं एक प्रार्थनास्थान अर्पण केलं आणि नवव्या शतकात 1 नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपात पक्की झाली. दुसऱ्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, सगळ्या मृतांची आठवण. आयर्लंडमध्ये याच सुमारास सुगी संपून हिवाळा लागण्याचा, ख्रिस्तपूर्व काळापासूनचा सण होता, त्याच्या चालीरीती यात मिसळल्या हे खरं. इंग्लंडात गोरगरीब आणि मुलं दारोदार जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात छोटे गोड केक घेत. आज मुलं ज्या चॉकलेटसाठी बेल वाजवतात त्याच्यामागे हेही आहे. 1840च्या दशकात बटाट्याच्या दुष्काळानं आयरिश माणसं अमेरिकेला गेली. घरी ती सलगम कोरून दिवे करत, तिथं त्यांना भोपळा मिळाला. प्लास्टिकचे सांगाडे आणि बाटलीतलं रक्त ही पुढच्या बाजाराची भर.

प्रोटेस्टंट घरात वाढलेल्या मुलीला ही तारीख आणखी एका कारणानं ठाऊक असायला हवी. 31 ऑक्टोबर 1517, मार्टिन ल्यूथरचे पंच्याण्णव सिद्धांत, जिथून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली. शब्बाथ शाळेत तुम्ही शिकवतच असाल.

आता मुलीचा सांताक्लॉज. तिचा मुद्दा बिनतोड आहे, तो उडवून लावू नका. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप निकोलस, त्याचा फिरत फिरत लाल कोटातला आजोबा झाला आणि आपण त्याला चर्चच्या आवारात नाचवतो. मी तर आणखी पुढे जाते. नाताळच्या नाटकात दरवर्षी कुणीतरी हेरोद होतं. लेकरांची कत्तल करवणारा राजा! त्याला आपण टिकल्यांचा मुकुट घालतो, मिशी काढतो, आणि टाळ्या वाजवतो. वाईटाचं सोंग वेदीच्या पायऱ्यांवर घेणं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

मी स्वतः हेरोद झाले आहे. अकरा वर्षांची होते, आवाज मोठा होता म्हणून मिळालं. मी ‘एकही जिवंत सोडू नका’ हे वाक्य इतकं जोरात म्हटलं की मागच्या लहान मुलांनी रडायला सुरुवात केली आणि मला फार भारी वाटलं. दुसऱ्या रांगेतून एक बाई उठून बाहेर गेल्या. त्यांचं तान्हं बाळ दिवाळीच्या आसपास गेलं होतं. मला ते माहीत होतं. पण ते आणि माझं वाक्य यांचा काही संबंध असतो हे डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या शब्बाथ शाळेच्या बाईंनी मला रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात करंज्या भरल्या आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आम्ही बसलो, चहा झाला. बाळाचं नाव काय ठेवलं होतं ते बाईंनी विचारलं. त्या बाई बाळाबद्दल बोलायला लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. परत येताना बाई एवढंच म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षीही हेरोद लागेलच.’

पुढच्या वर्षी हेरोद झालाही, दुसऱ्या मुलानं केला. फक्त त्या वर्षी बाईंनी कत्तलीचा प्रसंग मंचावर न घेता निवेदनात घेतला. सोंगाबद्दलचं जे काही मला कळलं आहे ते त्या दोन नाटकांच्या मधल्या वर्षात कळलं.

आपल्या जिल्ह्याला तर हे कुणी शिकवायलाच नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी भागात बोहाडा होतो. देवांचे मुखवटे असतात तसे राक्षसांचेही असतात, रात्रभर मशालींच्या उजेडात संबळाच्या तालावर सोंगं नाचतात. मुखवटा चढवणारा माणूस त्याच्या पाया पडतो. राक्षसाचं सोंग घेणाऱ्यालाही ती जबाबदारी वाटते. आणि नाशिक शहरात धुळवडीला वीर निघतात. घराण्यात ज्यांना वीरमरण आलं अशा पूर्वजांचे टाक घेऊन लोक वाजतगाजत गोदाघाटावर येतात, टाकांना रामकुंडात स्नान घालतात. सोबत लहान मुलं असतात महादेवाच्या, रामाच्या, कृष्णाच्या वेषात. गेलेल्या माणसांची आठवण आणि पोरांची वेषभूषा एकाच मिरवणुकीत! ही श्रद्धा आपली नाही आणि तिची नक्कल करा असं मी सांगत नाही. पण ज्या गावात मृतांच्या आठवणीत मुलं वेष करून चालतात, त्या गावच्या ख्रिस्ती माणसाला 31 ऑक्टोबरचा मूळ अर्थ समजायला जड जाऊ नये.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन आणि अभंग रुजवले. कीर्तन, टाळ, ओवी, हे सगळं दुसऱ्या धर्मातून आलेलं, आणि आज त्यांचे अभंग गायल्याशिवाय आपली उपासना पुरी वाटत नाही. बाहेरून आलं म्हणून अपवित्र, हे माप लावलं असतं तर आपल्याकडे फार थोडं उरलं असतं. उलट बाजूनं, बाहेर सगळे करतात म्हणून आपणही करायचं, हेही टिळकांनी केलं नाही. त्यांनी निवडून घेतलं.

म्हणून ननच्या झग्याकडे येते. मला तो वेष खटकतो तो भीतिदायक आहे म्हणून नाही. नाशिक रोड आणि देवळालीच्या कितीतरी घरांतल्या बायकांना सिस्टरांनी शिकवलंय, दवाखान्यात अंथरुणावर अंग पुसून दिलंय. तो झगा म्हणजे एका बाईनं आयुष्यभरासाठी देवाला दिलेला शब्द असतो. मुलीला विचारा, वारकऱ्याच्या वेषात, गळ्यात तुळशीमाळ घालून, तोंडाला रक्त लावून एखादं पोर सोसायटीच्या कार्यक्रमात आलं तर तिला काय वाटेल? ती पटकन ‘शी!’ म्हणेल. आपल्या मंडळीत नन नाहीत, आपण कॅथलिक नाही, म्हणून तो झगा आपल्याला परका वाटतो आणि परक्याची टिंगल चटकन सुचते. 31 तारखेला शेजारच्या पॅरिशमधली एखादी सिस्टर सहज हॉलमध्ये डोकावली तर तिच्याकडे या तीन मुलींना सरळ बघता येईल का, एवढं त्यांनी ठरवावं. सिनेमातून त्यांनी ते उचललंय, मुद्दाम कुणाला दुखवायचं त्यांच्या मनात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून रागावू नका. समजावून सांगा आणि मग ठामपणे नाही म्हणा.

झगे वाया जाणार नाहीत. तीन मुली, तीन काळे झगे. नाताळच्या नाटकात पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक लागतातच, वर जरीचं उपरणं टाकलं की झालं.

वेषाचा कार्यक्रम मात्र होऊ द्या. दुसरं काहीतरी सुचवल्याशिवाय मुलांना ‘नको’ म्हटलं तर ती पुढच्या वर्षी चर्चबाहेर करतील आणि तुम्हाला सांगणार नाहीत. संतांच्या आदल्या संध्याकाळी संतांचे, विश्वासू माणसांचे वेष करायला सांगा. फिलिपाइन्समधल्या कितीतरी चर्चमध्ये मुलं याच दिवसांत संतांच्या वेषात मिरवतात. आपल्याकडे माणसं कमी आहेत का? पंडिता रमाबाई (1858–1922), केडगावच्या मुक्ती मिशनच्या, एकटीनं सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलेली बाई. पांढरी साडी आणि हातात लेखणी एवढ्यात तो वेष होतो. वसईचे गोन्सालो गार्सिया, 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. आठवीच्या मुलाला हे सांगून बघा, भुताची गोष्ट फिकी पडेल.

आणि शरणपूरचा जेकब वेनराइट. मला हा मुलगा फार आवडतो, म्हणून त्याच्यासाठी थोडी जागा घेते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये आणून शिकवत, त्यांतला हा एक. 1873 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा जेकब त्याच्यासोबत होता. सोबत्यांनी लिव्हिंग्स्टनचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबनं. झाडावर नाव कोरलं तेही त्यानंच. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत त्या माणसांनी किनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा जेकब तिथं हजर होता. आज शरणपूर रोडवरून आपण गाडीनं जातो आणि तिथं शिकलेल्या या पोराची आठवण कुणाला होत नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला कंदील आणि प्रार्थनेचं पुस्तक देऊन जेकब करा. चेहऱ्याला काळा रंग मात्र अजिबात लावायचा नाही. दुसऱ्याच्या कातडीचं सोंग घेतलं तर तोही अपमानच.

धाकट्या मुलांना भूत, वटवाघूळ, भोपळा व्हायचं असेल तर होऊ द्या. हॉलमध्ये. वेदीसमोर नको, आणि उपासनेच्या वेळेत नको.

यजमानांना ‘एवढं काय’ वाटतं त्यावर बायबलमधलं प्रेषित पौलाचं एक पान वाचायला द्या. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 8. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही यावर मंडळीत भांडण लागलं होतं. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नव्हे, त्यामुळे मांसात दोष नाही. इथवर तो तुमच्या यजमानांच्या बाजूनं आहे. पण लगेच म्हणतो, माझ्या खाण्यानं माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. हक्क आहे, तरी तो बाजूला ठेवायची तयारी. पुष्कळदा हा अध्याय ज्येष्ठ मंडळी तरुणांना गप्प करायला वापरतात. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय त्यांनीही वाचावा, तिथं खाणाऱ्याला दोषी ठरवू नका असंही लिहिलंय. पालकांच्या बैठकीत दोन्ही अध्याय मोठ्यानं वाचा. काकांनाच वाचायला सांगा.

आता मागचा बाक.

तुम्ही लिहिलंत, ‘त्यामुळे मंडळी हळवी झालेली आहे.’ मला वाटतं तुमच्या मनातला खरा प्रश्न हाच आहे आणि सैतान, सांता हे त्याच्याभोवती फिरताहेत. तो मुलगा याच तरुण संघात होता. जूनमध्ये त्याला निरोप द्यायला आलेली माणसं बहुधा त्याच हॉलमध्ये बसली असतील. पाच महिनेही झाले नाहीत आणि तिथं त्याचेच मित्र चेहऱ्यावर जखमा रंगवून, कपाळावरून रक्त ओघळतंय असं दाखवून हसत उभे राहणार. अपघातात गेलेल्या मुलाची आई ते बघेल. किंवा बघणार नाही, त्या दिवशी घरी बसेल, आणि कार्यक्रमाचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर येतील तेव्हा बघेल. देवाला या वेषांचं किती वाईट वाटतं ते मी सांगू शकत नाही. त्या बाईला काय वाटेल ते मी सांगू शकते. म्हणून रक्त, जखमा, प्रेतं, तिरड्या, थडग्यांचे पुठ्ठे यातलं काहीही यंदा नको. हे तरुण संघाला कारणासकट, त्या मुलाचं नाव घेऊन सांगा. त्यांना ते क्षणात कळेल. तेही त्याच्यासाठी रडलेत, आणि मला तर वाटतं, इतक्या लवकर मृत्यूशी खेळ मांडायचं त्यांच्या मनात आलं यातही त्या रडण्याचा काही भाग असेल. मित्र गेल्यावर काय करायचं हे मोठ्यांनी त्यांना सांगितलं नाही, बाजारानं मुखवटे दिले.

बैठकीच्या आधी मुलीला घेऊन त्यांच्या घरी जा. परवानगी मागायला जाऊ नका; कार्यक्रम करू का असं विचारलं तर त्या बिचाऱ्या ‘करा, करा’ म्हणतील आणि दार लावून घेतील. नुसत्या जाऊन बसा. मुलीला त्याच्याबद्दल जे आठवत असेल ते बोलू द्या, तरुण संघाच्या सहलीत त्यानं काय केलं होतं, कुठलं गाणं म्हणायचा, कुणाला काय चिडवायचा. मुलं असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा चांगल्या सांगतात. मग संध्याकाळच्या कार्यक्रमात वेषांच्या आधी गेल्या वर्षभरात मंडळीतून गेलेल्यांची नावं वाचणार आहोत, त्यात त्याचंही असेल, असं सांगा. याव्यात असा आग्रह नको. आल्याच तर पुढच्या बाकावर तुमच्या शेजारी जागा धरून ठेवा.

आणि 2 नोव्हेंबरला तरुण संघाला कबरस्तानात न्या. आमच्या घरी तो दिवस ठरलेला असे. वडील चुन्याची बादली घेत, आम्ही भावंडं गवत उपटायचो आणि ज्यांचं कुणी उरलं नाही अशा दोन-तीन कबरी दरवर्षी आमच्या वाट्याला यायच्या. खराटे, खुरपी, पाण्याचे कॅन लागतील. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत असतं, तेव्हा मुलांना बूट घालून यायला सांगा आणि दुपारी चारलाच निघा, अंधार लवकर पडतो. मेणबत्त्या उघड्यावर टिकत नाहीत. जॅमच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आतापासून जमवायला लागा.

तुमची,
ताई